मी औषध घेतलं नव्हतं

"ओपी पॉयझनिंग वाटतंय," तासगावच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाले. मग आमच्या ह्यांच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "औषध घेतलं का यांनी?"

हे म्हणाले, "व्हय. सकाळीच घेतलं."

मी स्ट्रेचरवर होते. तोंडातून लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. आणि मीसुद्धा मान हलवली. मला थायरॉइडची गोळी असते, रोज सकाळी उपाशीपोटी. मी ती विसरते, म्हणून आमच्या घरात दिवस उजाडला की ह्यांचा पहिला प्रश्न तोच, औषध घेतलं का? त्या सवयीनं ह्यांनी उत्तर दिलं आणि त्याच सवयीनं मी मान हलवली.

आमच्याकडच्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. तासगाव भागात द्राक्षबागेवर जे मारतात त्याला कुणी विष म्हणत नाही. कीटकनाशक हा शब्द फक्त डब्यावर छापायला. आम्ही म्हणतो औषध. आज औषध मारायचंय, औषध संपलं, औषधाचा वास येतोय. खोकल्याचं ते औषध आणि मिलीबग किडीचं तेही औषधच. पण "अमक्याच्या बायकोनं औषध घेतलं" असं गावात कुणी म्हणालं की त्याचा अर्थ एकच. आवाज खाली येतो आणि समोरचा विचारतो, वाचली का?

ओपी म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस. हे काय असतं ते मला सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी नंतर सोप्या भाषेत सांगितलं. आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात आणि निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य अंगात असतं, त्याचं नाव कोलिनएस्टरेज. हे औषध त्या द्रव्यालाच निकामी करतं. मग निरोप थांबतच नाहीत. घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढं अंधारी, मांड्यांचं मांस आपोआप फडफडतं आणि शेवटी श्वास. किडा असाच मरतो. बाईही अशीच मरते, यात औषध भेदभाव करत नाही.

त्या सकाळी झालं ते एवढंच. फळछाटणीनंतर बाग फुटली होती. फेलफूट काढायची होती, म्हणजे वेलीवरचे नको असलेले कोंब खुडून टाकायचे. बाकीच्या बायका यायच्या होत्या, तोवर एक ओळ उरकावी म्हणून मी एकटीच मांडवाखाली शिरले. हे काम हात वर, मान वर करून करायचं असतं. वरनं थेंब पडत होते. थंडीचे दिवस, दव असंल म्हटलं. पदर भिजला, अंबाडा भिजला. दवाला वास नसतो हे मला कळायला पाहिजे होतं. पण बागेत बारा महिने कसला ना कसला वास असतोच, आमची नाकं मेलेली आहेत. ओळ संपायच्या आत मी तिथंच कोसळले.

ते दव नव्हतं. माझ्या दिरानं, दीपकभावजींनी, पहाटे ती बाग मारली होती. भावजी शेतकी पदवीधर, तासगावात औषधांचं दुकान. त्यांनी नवं मशीन आणलं होतं. त्यातून औषध धुक्यासारखं निघतं आणि पानाच्या दोन्ही अंगांना चिकटतं. गावच्या देवळापुढं पडदा लावून त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं होतं. शास्त्रोक्त शेती, शास्त्रोक्त फवारणी! मीच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, घरचं पोरगं शिकलं म्हणून. त्या सकाळी त्यांनी ह्यांना फोनवर सांगितलं की आत जायला हरकत नाही, या मशीनला औषध लागतंच किती. आणि ह्यांनी मला पाठवलं. बाग मारलीय हे सांगितलंसुद्धा नाही.

एक गोष्ट मला अजून डाचते. आमचा माल परदेशी जातो. घड तोडायच्या आधी किती दिवस कुठलं औषध मारायचं नाही, हे आमच्या भावजींना झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडपाठ. घडांचे नमुने लॅबला जातात, रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, बघतात. फळ खाणाऱ्या गोऱ्या माणसाची एवढी काळजी. पण मारल्यावर किती वेळानं बाईनं मांडवाखाली जावं, हे पडद्यावर कधी आलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तासगावात नाकातून नळी घालून माझं पोट धुतलं. साडी बदलली, अंग पुसलं आणि अँब्युलन्सनं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कागदावर लिहिलं होतं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. तोंडावाटे विषप्राशन.

सांगलीत अ‍ॅट्रोपीन सुरू झालं. हा विषावरचा उतारा. लाळ, घाम थांबवतो, पण तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ लाकडाची होते. भ्रमही होतो. मी म्हणे पांघरुणावरचे किडे वेचत होते आणि सलाइन उपसत होते, म्हणून माझे हात पलंगाला बांधले. पाणी मागितलं तेव्हा एक नर्सबाई म्हणाल्या, आता पाणी पाणी करताय, घेताना विचार करायचा होता. मला वाटलं, मी काय घेतलं?

मग एका सकाळी भ्रम उतरला. डोकं साफ झालं, मी ह्यांना ओळखलं, मौसंबीचा रसही प्यायले. सगळ्यांना वाटलं, सुटली. पण दुपारी उशीवरनं मान उचलता येईना. इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात याला. बरं वाटायला लागल्यावर मध्येच येतो आणि मानेचे, छातीचे स्नायू ढिले पाडतो. बघता बघता श्वास पुरेना. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला, म्हणजे माझ्या वतीनं श्वास घेणारं मशीन. तुमच्या माणसावर अशी वेळ आली तर एक लक्षात ठेवा. नळी असताना माणूस बोलत नाही, हलत नाही, पण झोपेचं औषध कमी केलं की त्याला ऐकू येतं. त्याच्या उशाशी काय बोलताय ते जपून बोला.

मी सगळं ऐकलं. लोक भेटायला येत आणि ह्यांचंच सांत्वन करत. जाऊबाई म्हणाल्या, वरनं हसरी दिसायची, आत काय होतं देवाला ठाऊक. कुणी म्हणालं, नवऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला अक्षरशः बसला.

आणि मग प्राची आली. माझी एकुलती लेक, साताऱ्याला हॉस्टेलवर राहून अकरावी करते. तिनं माझा बांधलेला हात धरला. मग कानाशी वाकून म्हणाली, "आई, माझा विचार नाही आला का गं तुला?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, आई कबूल करतेय. ती रडत रडत बाहेर गेली. हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना ठाऊक होतं. तासगावात पोलिसांचं नाव निघालं तेव्हाच 'व्हय'चा घोटाळा त्यांच्या ध्यानात आला होता. पण तोवर भावजी पोचले होते आणि त्यांनी ह्यांना बाजूला नेलं होतं. म्हणाले, पोट तर धुतलंच हाय, आता बोलून काय उपयोग, माझं दुकान बसंल, मशीनचं नाव खराब हुईल. म्हणून हे तिथंही गप्प राहिले आणि इथंही. दुसऱ्या दिवशी पोरीला साताऱ्याला परत धाडली, अभ्यास बुडतो म्हणून.

मला वाचवलं ते ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर मॅडमनी. कोलिनएस्टरेजची तपासणी रोज होत होती आणि आकडा वर यायचं नावच घेत नव्हता. त्या चिडल्या होत्या. एकदा नळी बघायला वाकल्या आणि तिथंच थांबल्या. माझा अंबाडा सोडला, केस नाकाला लावले. मग मला म्हणाल्या, "मी विचारते. हो असेल तर डोळे मिटा. तुम्ही तोंडानं काही घेतलं?"

मी डोळे ताणून उघडे ठेवले.

"अंगावर, केसांवर पडलं?"

मी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं होतं.

त्यांनी माझे केस साबणानं धुवून घेतले, पुन्हा धुतले आणि शेवटी कात्रीनं मानेपर्यंत कापून टाकले. ओल्या अंबाड्यातलं औषध टाळूतून रोज आत मुरत होतं. बाहेर त्यांनी ह्यांना झाडलं ते मला काचेतून दिसत होतं. काय म्हणाल्या ते नंतर त्यांनीच सांगितलं: तुम्ही खरं सांगितलं असतं तर हे केस आम्ही पहिल्या तासात धुतले असते. कदाचित ही नळी लागली नसती.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगते. दवाखान्यात 'औषध' हा शब्द एकटा वापरू नका. फवारणीचं की गोळीचं ते सांगा. तोंडानं गेलं, अंगावर पडलं की श्वासातनं गेलं ते सांगा. कपडे उतरवा, केस धुवा, डबा बरोबर न्या. लाज वाटली तरी सांगा. विज्ञानावर माझा राग नाही, विज्ञानानंच मला श्वास दिला. पण विज्ञान भावजींच्या हातात होतं तेव्हा त्यांनी पानाचा विचार केला, आणि मॅडमच्या हातात आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

नळी निघाली, आवाज फुटक्या मडक्यासारखा झाला होता. हवालदार जबाबाला आले. माणूस सालस होता. म्हणाला, चुकून घेतलं असंच लिहू ना ताई? मी म्हटलं, घेतलंच नाही. तो हसला नाही, पण विश्वास बसला नाही हे त्याच्या तोंडावर दिसलं. खरोखर घेणाऱ्या बायका पण चुकूनच म्हणतात, कुटुंबासाठी. त्याला मी तशीच एक वाटले. मग मॅडमनी केसपेपर पुढं केला आणि मी दिराचं नाव सांगितलं. हे माझ्या कानात म्हणाले, "आपलंच दात, आपलंच ओठ." मी म्हटलं, दात तुमचे आणि ओठ माझे, चावली गेले ती मीच.

घरी आल्यावर भावजी आले. खाली बघून म्हणाले, "वहिनी, तेवढं माझं नाव काढून घ्या."

"काढते की," मी म्हटलं. "पण तुमचं नाव काढलं की त्या जागी माझं बसतंय. ते कोण काढणार?"

ते चहा न घेता गेले. जबाबाचं पुढं काही झालं नाही. दुकान चालू आहे, मशीनही फिरतंय. गावात अजून कुणी मला एकटीला विहिरीकडं जाऊ देत नाही, कुणी ना कुणी मागं येतंच. हे दोन्ही वेळ माझ्यापुढं ताट आणून ठेवतात, फुटक्या आवाजात मी काही मागितलं तर पळत आणतात. माफीही मागितली. मला ती नको होती.

माझा जीव अडकला होता पोरीत. फोनवर मी तिला सगळं सांगितलं होतं. ती "हो आई, बरं आई" म्हणाली, आजाऱ्याला म्हणतात तसं. सुट्टीला आली तर शेडमधले औषधाचे सगळे डबे तिनं कुलपात घातले आणि किल्ली स्वतःकडं ठेवली. माझ्या शेजारी अंथरूण घातलं. मी कूस बदलली तरी उठून बसायची. एकदा केस विंचरता विंचरता म्हणाली, चुकूनच झालं ना आई, मला तसंच वाटतं. मरणाच्या दारात मला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं.

मी ह्यांना म्हटलं, माझ्यापुढं नाक घासू नका. पोरीला सांगा.

ते पडवीत तिच्यासमोर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "प्राची, तुझ्या आईनं काय घेतलं न्हवतं. बाग मारलेली ठावं असून मी तिला आत धाडली. मला डॉक्टरनं इचारलं, मी चुकीचं बोललो. मागनं कळलं, तरी बोललो न्हाई."

प्राची माझ्याकडं बघत राहिली. किल्ली तिच्या मुठीत होती. मग तिनं वडलांकडं मान वळवली.

"मी दवाखान्यात आईला विचारलं, माझा विचार आला नाही का म्हणून. तेव्हा तुम्ही कुठं होता पप्पा?"

ह्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात धरली.

"तितंच व्हतो," ते म्हणाले. "तुझ्या मागं."