नवरदेव पुढे गेला

१९७६ च्या उन्हाळ्यात कोरेगावातल्या एका लग्नात आमचा चौघांचा बँड मोडला. काल रेडिओवाल्याच्या दुकानात सोल्डरच्या धुराचा वास आला. त्या लग्नाच्या सकाळी आमच्यातल्या शंकरने गिटारची तुटलेली वायर अशीच सोल्डरने जोडली होती. त्याच्या फौजी वडिलांनी बजावलं होतं, हे लग्न नीट वाजवा, नाहीतर भरतीला जा.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवापुढे वाजवत चालायचं होतं. देवळापाशीच शंकरला एक चाल सापडली. तिथेच उभे राहून, डोळे मिटून आम्ही ती वाढवत राहिलो. ती आता आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा समोर फक्त त्याचे वडील होते.

"नवरदेव कवाच मांडवात गेला. वाजवा आता मारुतीला."

"आबा, चाल ऐकली का?"

"ऐकली. सोमवारी भरती हाय."

शंकर भरतीला गेला आणि निवडला गेला.