चार बोटं उंच

थरथरणाऱ्या पाटावर नुसतं उभं राहून माणूस उंच उडी मारायला लागतो, हे ज्ञान मला बोरिवलीच्या एका जिममधल्या ट्रेनरने दिलं. टी-शर्ट दोन मापं लहान, आत्मविश्वास चार मापं मोठा. "मॅडम, फक्त उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवून. बाकी सगळं मशीन करतं. मसल जागे होतात ना!" झोपले कधी होते, असं मी विचारलं, तर तो हसला. अशा लोकांना अपमान कळत नाही. माझा नवरा मात्र नवसाला पावणारा देव भेटल्यासारखा त्या मशीनकडे बघत होता.

आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. व्हॉलीबॉल खेळायची, आणि त्या वर्षी तिला काहीही करून जिल्ह्याच्या संघात जायचं होतं. नेटवर तिचा हात जरासा कमी पडायचा. मीही कॉलेजात खेळलेली आहे. उडी वाढवायची म्हणजे जिने चढायचे, उठाबशा काढायच्या, पोटऱ्या भरून आल्या की तेल चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे ऐकायची कुणाला हौस नव्हती.

"हलत्या फरशीवर उभं राहून उडी वाढत असती, तर आपला पिठाच्या गिरणीवाला आतापर्यंत गच्चीवर पोचला असता," मी म्हटलं.

"तुला ना, नवीन काही बघवतच नाही," नवरा म्हणाला, आणि तिचं नाव घालून आला.

आमच्या घरी उडी मोजायची एक रीत आहे. तळव्याला गेरू फासायचा, खाली पंपरूमच्या भिंतीशी उभं राहून उडी मारायची, आणि जिथे पंजा उमटेल ती खूण. वाढ बोटांनी मोजायची. मुलीचे आठवीपासूनचे पंजे त्या भिंतीवर आहेत.

सहा आठवडे ती आठवड्यातून तीनदा त्या मशीनवर थरथरून आली. मधल्या काळात पंजा मारता आला नाही, कारण सोसायटीने कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायला काढले होते. काम संपल्यावर तिने उडी मारली. नवऱ्याने स्टुलावर चढून बोटं लावली. चार बोटं वर! तो तिथेच नाचला. ट्रेनरने तर भिंतीचा फोटो मागवून जिमच्या दारावर चिकटवला.

मुलगी बदलूनच गेली. दहिसर नाक्याजवळच्या मैदानावर तिचा सराव चालायचा. तिथे ती अशी काही नेटवर जायला लागली की सरांनी मला थांबवून विचारलं, हिला खायला काय घालता? मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगते, मला त्या चार बोटांचा रागच आला होता.

निवड चाचणीला दोन दिवस होते. सकाळी पंप सुरू करायला खाली गेले आणि पंपरूमच्या पायरीशी अडखळले. वीस वर्षांच्या सवयीने पाय जेवढा उचलला, तेवढी पायरी तिथे नव्हतीच. खाली बघितलं. आमच्या कमिटीच्या महाभागांनी जुनी शहाबादी फरशी न उखडता तिच्यावरच माती पसरून पेव्हर ठोकले होते. पायरी अर्धी गाडली गेली होती. गाडलेली किती, ते पायरीच्या कडेला पेव्हर न बसलेल्या फटीत कळत होतं; तळाशी जुनी फरशी दिसत होती. मी वाकून बोटं लावली. चार.

मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. धापा टाकत वर गेले, पोहे खात बसलेल्या दोघांना हाताला धरून खाली आणलं आणि पायरी दाखवली. "हिची उडी नाही रे वाढली. जमीन वाढली! लाव त्या ट्रेनरला फोन, म्हणावं मशीनवर आता कमिटीला उभं कर."

मुलीने खाली बसून स्वतःची बोटं लावून पाहिली. मग उठली, हाताची माती झटकली आणि वर जाऊन पोहे तसेच टाकून खोलीत गेली.

चाचणी अंधेरीला होती. प्रत्येक उडीआधी ती एकदा पायाखाली बघत होती. चेंडू नेटमध्ये जात होते. यादी वाचली, तिचं नाव नव्हतं.

परतताना रिक्षाने जोगेश्वरी मागे टाकली. मग बाहेर बघतच ती म्हणाली, "आई, नाक्यावरच्या मैदानात तर कोणी पेव्हर नव्हते लावले ना? तिथे कसे बसत होते माझे स्मॅश?"

मशीनमुळे असेल, डोक्यात बसलेल्या चार बोटांमुळे असेल, पण बसत होते. मी स्वतः पाहिले होते. पायरीशी वाकले तेव्हा मला ते आठवलं नाही, कारण मला नवऱ्याला हरवायचं होतं.

"दोन दिवस थांबली असतीस तर चाललं नसतं का गं?" तिने विचारलं.

ट्रेनरला, कमिटीला, नवऱ्याला, सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. दहिसर येईपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.