लग्नापुरता रंग

नांदेडच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. जगात कुणावर कसा अन्याय झाला, यावर तासभर बोलायला मला मुळीच कष्ट पडत नाहीत. स्वतः केलेला एक अन्याय लिहायला मात्र दोन वर्षं लागली.

त्या वर्षी गॅदरिंगला कोरियाच्या जुन्या दरबाराचं नाटक करायचं, हा हट्ट मुलींचाच. मोबाइलवर तिकडच्या मालिका पाहून निम्मी शाळा खुळावली होती. नाटक लिहिलं दहावीतल्या एका मुलीनं. ती किनवटकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहायची. वर्गात तोंड उघडायची नाही, पण हा विषय निघाला की थांबायची नाही.

"बाई, तिथं रंग सगळ्यांना नव्हते," तिनं मला सांगितलं. "राजाचा वेगळा, अधिकाऱ्यांचा हुद्द्यापरमानं. गरिबानं पांढरंच घालायचं. फक्त लग्नाच्या दिवशी गरिबाच्या पोरीला बी राजवाड्यातल्यासारखा तांबडा झगा चालायचा. एकच दिवस."

त्या एका दिवसावर तिनं नाटक संपवलं होतं. दासी नाटकभर पांढऱ्यात वावरते आणि शेवटी तांबड्या झग्यात नवरी होऊन येते. राणी बाजूला सरून तिला वाट देते.

राणी कोण, हा प्रश्नच नव्हता. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालंच, "एक नूर आदमी, दस नूर कपडा." शहरातल्या एका मोठ्या कापड दुकानदाराची मुलगी आमच्याकडे होती. तिच्या मामानं लातूरहून आखूड रेशमी पोलकं आणि छातीपासून फुगलेला घागरा शिवून पाठवला. दासी म्हणून मी लिहिणारीलाच उभं केलं, आणि "तुझंच नाटक, तुझाच शेवट" अशी वर मखलाशीही केली. तिचे पांढरे कपडे शाळेच्या जुन्या पडद्यांतून निघाले. झग्याचं काय, हे मी विचारलंच नाही.

तिनं आईला विचारलं. फोन माझ्याच मोबाइलवरून लावला होता, त्यामुळे आईचं बोलणं मला ऐकू आलं.

"लग्नातली तांबडी साडी हाय की पेटीत. धाडते. काप."

"आये, कापली तर परत नेसता येणार न्हाई."

"मी कुठं नेसून राहिले? काप म्हणते ना. मी बघाया येते."

साडी आली. मुलीनं ती कापून हातानं झगा शिवला, जमिनीला टेकतील अशा रुंद बाह्या लावल्या. मी तो झगा स्टाफरूममध्ये सगळ्यांना कौतुकानं दाखवला. कौतुक करण्यात मी कधीच मागे नसते.

गॅदरिंग दुपारचं होतं. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि नाटक अर्ध्यावर असताना मुख्याध्यापक विंगेत आले. "बाई, दहा मिनिटं कमी करा." राणीचा एक लांबलचक नाच होता. नाटकाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तो काढता आला असता. पण दुकानदार पहिल्या रांगेत बसले होते, मांडव त्यांनी दिलेला होता, आणि लेकीचा नाच टिपायला त्यांनी फोटोग्राफर आणला होता. मी शेवटचा प्रसंग काढला. फार विचारही करावा लागला नाही, आणि आज मला तेच जास्त खुपतं.

ती झगा चढवत होती. एक हात बाहीत गेला होता.

"राहू दे गं, वेळ नाही," मी म्हणाले.

"हाव बाई," ती म्हणाली. तिनं हात काढून घेतला, झग्याची नीट घडी केली, आणि शेवटच्या नमस्काराला पांढऱ्या कपड्यांतच राणीच्या मागं जाऊन उभी राहिली. मागं उभं राहा, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मांडव रिकामा होत असताना तिची आई भेटली. सकाळच्या रेल्वेनं आली होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई, लई भारी झालं! केवढं बोलली पोरगी!" मग लेकीकडं वळली. "माजी साडी कुठं दिसली न्हाई गं?"

उत्तर मी द्यायला हवं होतं. मुलीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मला तोंड उघडायला न लावता म्हणाली, "ते पुढल्या साली हाय, आये. औंदा पहिला भाग."

"हाव का बाई?" आईनं मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. निघताना लेकीला पाणी भरून आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ही शाळा दहावीलाच सरते. पुढं हिला हितंच कुठं तरी घाला. माजं कोन ऐकतंय? तुमच्या शब्दाला वजन हाय."

म्हणजे पुढलं साल नाहीच, हे तिला ठाऊक होतं; सगळं कळलं होतं. मी पुन्हा हो म्हणाले.