भर कटौतीत दिसलेली नात

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न त्या वर्षी माझ्या मनात घर करून बसला होता. माझ्या सासूबाईंना, आम्हा सगळ्यांच्या आईंना, काचबिंदू झाला. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं, पण नजर राहील अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. जिने दत्ताला फूल वाहिल्याशिवाय कधी चहा घेतला नाही, तिच्या वाट्याला हे का, असं मी मनातल्या मनात विचारत राही.

आईंनी मात्र एकच इच्छा धरली होती. धाकट्या भाऊजींना मस्कतला मुलगी झाली होती. ऑपरेशनआधी तिचं तोंड पाहायचं. फोटो आला होता, पण "फोटो का हासते?" म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. बालाघाटला बसस्टँडजवळ आमचं एसटीडी आणि इंटरनेटचं दुकान होतं, आणि तिकडे भाऊजींच्या एका मित्राकडे कॅमेरा लावलेला संगणक. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून शुक्रवारची दुपार ठरली. त्याच संध्याकाळी आम्हाला नागपूरला निघायचं होतं.

दुपारी विजेची कटौती ठरलेलीच. जुना यूपीएस बंद पडला होता, म्हणून यांनी गोंदियाहून नवा आणला आणि सकाळपासून चार्जिंगला लावला. मग सर्व्हर, म्हणजे ज्या मोठ्या संगणकातून दुकानभर इंटरनेट जाई तो, त्याला जोडायला मी मागे वाकले, तर पिन भोकात बसेना. आमची पिन साधी, तीन गोल काड्यांची. यूपीएसची भोकं चपटी. मधे लावायची अडॅप्टर वायर खोक्यात नव्हतीच. हे स्कूटरवर सगळा बाजार पालथा घालून आले. वायर गोंदियातच मिळेल, एवढंच कळलं. कापून जोडा, असंही कुणी सुचवलं. पण सर्व्हर जळला असता तर सगळंच संपलं असतं. यांनी पक्कड हातात घेतली आणि परत ठेवली.

तेवढ्यात लाइन गेली.

आई काळ्या पडद्यासमोर बसून होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, केस माझ्याकडून विंचरून घेतले होते. "ते बी मले पाहीन ना," म्हणाल्या होत्या सकाळी. आता मी खुर्चीशी बसले आणि मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडतं काहून, बाई? त्याच्या मनात असन तं दिसन. नाही तं आवाज ऐकीन." त्या क्षणी माझं देवाशी चाललेलं भांडण थांबलं. काही मागायचंही सुचलं नाही. नुसती बसून राहिले.

एक गृहस्थ फोन करायला आत आले. उकवा गावच्या शाळेत गुरुजी होते. बस उशिरा निघणार म्हणून त्यांनी घरी कळवलं. खांद्यावर जड पिशवी होती. निघताना आईंकडे पाहून थबकले.

"माय, अंधारात कोनाची वाट पाहून राह्यली?"

"नातीची. मस्कतले आहे. इथं दिसनार होती."

मी कसंबसं त्यांना सांगितलं की यूपीएस भरलेला आहे, फक्त मधली वायर नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली. शाळेच्या संगणकाचा यूपीएस दुरुस्त करून नेत होते. आत हात घालून एक काळी वायर काढली.

"दुकानदारानं ह्याच्यासंग देली. मले यातलं काही समजत नाही. हे तं नाही, ताई?"

तीच होती. एका टोकाला चपट्या पट्ट्या, दुसऱ्या टोकाला आपलं साधं सॉकेट. यांनी ती यूपीएसला लावली. तिच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावला, बोर्डावर सर्व्हर, पडदा आणि इंटरनेटचा डबा. यूपीएसचं बटण दाबलं आणि सर्व्हरचा पंखा घरघरला. बाहेर गुरुजींच्या बसचा भोंगा वाजला. मी "तुमची बस" म्हणाले, तर ते म्हणाले, "हौ, जाऊ द्या. दुसरी आहे."

आधी चित्र तुटत होतं. मग भाऊजींच्या मांडीवर एक टोपडं दिसलं, आणि टोपड्याखालचं जांभई देणारं तोंड. आई पडद्याला नाक लावून पाहत होत्या. "हनुवटी माह्या मायची आहे रे," एवढंच बोलल्या. बाकीचा वेळ नुसत्या पाहत राहिल्या. बॅटरी संपत आली आणि यूपीएस टुकटुकू लागला तेव्हा त्यांनीच मागे सरून सांगितलं, "पुरे. पोट भरलं."

वायर शाळेची, म्हणून गुरुजी ती घेऊन पुढच्या बसने गेले. नंतर आम्ही बसवाल्याच्या हाती प्रसाद पाठवला, पोचल्याचा निरोपही आला.

ऑपरेशन झालं, पण नजर राहिली नाही. आईंनी कुरकुर केली नाही. एकदा फुलं चाचपत हार ओवताना म्हणाल्या, "नातीच्या नादात त्या गुरुजीचं तोंड पाहाचंच राह्यलं. तू पाह्यलं ना? सांग कसे होते." मी आठवू लागले आणि मला काहीच सांगता येईना. मीही पडद्याकडेच पाहत होते. यांना विचारलं, त्यांनाही आठवेना.

आई हसल्या. "मंग बरोबर आहे. त्याचं तोंड कोनाले दिसते?" म्हणाल्या आणि दोरा पुढे ओढला.

तेव्हापासून मी देवाकडे हे दे, ते दे, म्हणत नाही. हात जोडते आणि आईंसारखी बसते. जे दिसतं त्याबद्दल त्याची ऋणी आहे. जे दिसत नाही, त्याबद्दलही.