रखमाजीबाबांचं देवपण

कोणी पाया पडलं की रखमाजीबाबा लगेच वाकून त्याच्याच पाया पडायचे. "झाली फिट्टंफाट," म्हणायचे आणि मेंढरांमागे चालू लागायचे. नव्वदच्या दशकात सेनगावजवळच्या त्यांच्या गावी मी नर्स म्हणून गेले, तेव्हा माझ्याशीही त्यांनी हेच केलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मेंढरांचे मोडलेले पाय बसवता बसवता ते माणसांचेही हातपाय बसवू लागले होते. त्यात एका कोरड्या उन्हाळ्यात त्यांनी दाखवलेल्या जागी विहिरीला पाणी लागलं आणि यांच्या अंगात देव आहे, असं गावाने ठरवूनच टाकलं. लोक नारळ घेऊन यायचे. बाबा वैतागायचे. "तिथं मेंढरं हिरवं गवत खाऊन राहिली होती, म्हून सांगितलं. देव कुठून आला मधी?"

एका पावसाळ्यात मारोतीच्या सविताला सोयाबीनमध्ये साप चावला. मारोतीने लेकीला उचललं ते थेट बाबांकडे आणलं. मी रस्त्यावरची एक जीप थांबवून धावत गेले, पण तो ऐकेना.

"बाबानं हात लावल्याबिगर न्हाई नेत."

"काहून वेळ घालवून राहिला? मी मेंढरं राखणारा माणूस. जीपमधी घाल लेकराला!"

मारोतीने त्यांचे पाय घट्ट धरले. पोरीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "लावला हात. आता माझा हुकूम हाय, बाई म्हणतील तसं करायचं."

हिंगोलीच्या दवाखान्यात सविता वाचली. बाबाही सोबत आले होते. परतताना म्हणाले, "बाई, आज मी देव झालो. पाप लागंल का?"

"लागलं तर निम्मं माझं," मी म्हटलं. तेव्हा कुठे हसले.

त्यानंतर लसीकरणाच्या दिवशी ते उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसायचे. लेकरू घेऊन आलेल्या बाईला सांगायचे, "आधी सुई, मंग माझ्याशी बोल." गावातलं एकही मूल सुटत नसे. माझ्या नोकरीतली ती सर्वांत सुखाची वर्षं.

पुढे दहाएक वर्षांनी बाबा झोपेतच गेले. तेराव्यानंतर लोकांनी त्यांच्या मंदिरासाठी चुन्याने जागा आखायला घेतली. त्यांची बायको द्रौपदाआजी काठी टेकत आली आणि त्या चौकोनात उभी राहिली.

"देव झाला तर सगळ्या गावाचा व्हईल," ती म्हणाली. "नवरा होता माझा. त्याला माणूसच राहू द्या."

चुन्याची पाटी धरलेल्या माणसाने ती हळूच खाली ठेवली.