पुतळ्याला काय हवं?

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न एका पुतळ्यामुळे मोडता मोडता राहिलं.

मुलगा रत्नागिरीचा. त्याने आणि आमच्या मुक्ताने एकमेकांना पसंत केलं होतं, म्हणजे कठीण भाग उरकला होता. उरली होती फक्त त्याची आई. शैलाताई आमच्याकडे रायपूरला आल्या आणि पहिल्याच चहाला म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो. पण गाव कसं, माणसं कशी, ते बघून मगच काय ते सांगेन. आमच्याकडे समुद्र आहे, किल्ले आहेत, राजवाडा आहे. तुमच्याकडे काय आहे?"

सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखवणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, "म्युझियम आहे."

मुक्ताने मला स्वयंपाकघरात नेऊन दम भरला. "बाबा, प्लीज़, लेक्चर मत देना."

"मी कधी लेक्चर देतो?"

"आप 'वास्तविक पाहता' से शुरू करते हो, फिर रुकते नहीं."

म्युझियमच्या व्हरांड्यात कूलर दिसताच माझ्या बायकोने, सुनंदाने, त्याच्यासमोरचं बाकडं धरलं. "तुमी दोघं या पाहून. माये गुडघे दुखून राहिले." (लग्नाच्या बोलणीत गुडघे नेहमी सुनंदाचे दुखतात आणि तोंडघशी मी पडतो.)

आत मे महिन्याच्या दुपारीही गारवा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास, खिडक्यांना जाड पडदे, आणि आमच्याखेरीज चिटपाखरू नाही. पहिल्या दालनात नाकं तुटलेले देव होते. मी "वास्तविक पाहता" म्हणालो. शैलाताईंनी जांभई दिली. मुलीचा बाप म्हणून असलेला माझा धीर सुटू लागला, तेवढ्यात आतलं दालन आलं. दारावर पाटी होती, 'ग्रामीण जीवन'.

आत एक अख्खं खेडं मांडलं होतं. प्लॅस्टरची म्हातारी धान कांडत होती. प्लॅस्टरचा माणूस टोपली विणत होता. सगळ्यांचे डोळे काचेचे, आणि आपण सरकलो की तेही सरकल्यासारखे वाटत. कोपऱ्यात खाटेवर एक पुतळा तोंडावर गमछा टाकून आडवा होता. त्याच्या पायांत निळी रबरी स्लीपर होती.

अशी संधी मी सोडत नाही. "हे पाहा," मी म्हणालो, "उद्घाटनाला फिती, हार, भाषणं. आणि पुतळ्याच्या पायात काय, तर रबरी चप्पल! बाकी काम बघा, पायांवरच्या शिरासुद्धा हुबेहूब काढल्यात. पण काळाचं भान नाही. या लोकांना इतिहास म्हणजे काय ते तरी कळतं का?"

आणि वीज गेली.

पंखा कुरकुरत थांबला. पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ नेमकी म्हातारीच्या काचेच्या डोळ्यावर पडली होती. त्या शांततेत खाटेकडून जड, झोपाळू आवाज आला.

"हव."

मी वाचणारा माणूस आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त माझ्या पायांना तेव्हा ते आठवलं नाही.

शैलाताई कुजबुजल्या, "ऐकलंत? तो काहीतरी मागतोय."

"वारा असेल."

"वारा 'हवं' म्हणतो?" त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि खाटेकडे तोंड करून, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "काय हवं, बाबा?"

खाटेकडून पुन्हा, "हव... हव."

"दोनदा मागितलंन," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे राखणदाराने मागितलं तर नाही म्हणत नाहीत. तुम्ही त्याच्या चपलेला नावं ठेवलीत ना? आता भोगा."

त्यांनी पर्समधून मुक्तासाठी आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला, एक लाडू खाटेच्या कडेवर ठेवला, हात जोडले. "पाठ दाखवू नका. मागे मागे सरका." आम्ही सरकू लागलो. दाराशी पोचता पोचता पाहिलं, तर गमछ्याखालून एक हात निघाला, लाडवावरून चाचपडत फिरला आणि लाडवासकट आत गेला.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. अंधारात कुणीतरी घट्ट धरून ठेवलंय एवढं जाणवत होतं. व्हरांड्यात आल्यावर कळलं, मीच शैलाताईंची पर्स धरली होती.

सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हव म्हणजे हो! छत्तीसगडी आहे ना ते. तुमी सोता दिवसभर भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत हव हव करता, अन् तुमाले समजलं नाई?"

नाही समजलं. भीती वाटली की माणूस आईच्या भाषेत ऐकतो, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

तेवढ्यात पुतळा बाहेर आला. गमछ्याने मिशी पुसत होता, कानात इयरफोनची वायर. तो तिथला चौकीदार. "घरवाली का फोन था, साहब," तो म्हणाला. "उसमें हव के सिवा कुछ बोलने का रहता नहीं." मग शैलाताईंकडे वळून त्याने मनापासून हात जोडले. "लड्डू बहुत बढ़िया था, माताजी."

परतीच्या ऑटोत शैलाताई आमचा ब्राह्मणपारा येईपर्यंत पर्स मांडीवर घट्ट धरून बाहेर पाहत बसल्या. मी मनातल्या मनात लग्न मोडून ठेवलं. घरी मुक्ता दारातच उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचा उतरला.

शैलाताईंनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला. "गाव ठीक आहे," त्या म्हणाल्या. "भुतंसुद्धा गोड खाऊन आभार मानतात. सासरा जरा भित्रा आहे, पण मला टाकून पळाला नाही. पर्स धरून का होईना, थांबला." आणि माझ्याकडे वळून, "मग ठरलं म्हणायचं ना?"

सगळं घर माझ्याकडे पाहत होतं. मुक्ता तर डोळ्यांनीच हात जोडत होती. इतकी पुस्तकं वाचून जमवलेल्या मराठीतला एकही शब्द जागेवर सापडेना. मी मान डोलावली आणि म्हणालो,

"हव."

शैलाताईंनी शांतपणे डबा उघडला, एक लाडू माझ्यासमोर ठेवला, हात जोडले आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकल्या.