श्वास रोखून घातलेली वेणी

सई, ओम,

परवा व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, "आजी, सकाळी तासभर चहाचा कप धरवत नाही गं." ओम, तू तेव्हा तिच्या शेजारीच बसून सिगारेट ओढत होतास. म्हणून हे आजच लिहिते आहे.

माझंही असंच सुरू झालं. आपल्या गावी, गोरेगावात, तेल, शेक, गोळ्या सगळं करून झाल्यावर तुमचे आजोबा मला नागपूरला घेऊन गेले. अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, "रूमेटॉइड आर्थ्रायटिस." म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते.

"घरात आणखी कुणाला होतं?"

माझ्या आईची बोटं वाकडी होती.

"कुणी ओढतं?"

आजोबांनी खिशातल्या विडीच्या बंडलावर हात ठेवला.

"काहींमध्ये हा कल जन्मापासून असतो. धुराने धोका वाढतो, कदाचित शेजारी बसणाऱ्याचाही. पण यांना धुरानेच झालं, असं मी म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य आजोबांपर्यंत पोचलंच नाही.

आपल्याकडे कान दुखला की त्यात विडीचा धूर फुंकतात. माझा डावा कान दर हिवाळ्यात ठणकायचा. मी इंग्रजी शिकवणारी बाई, तरी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटून घ्यायची. इतक्या हळुवारपणे मला कुणी कधी जपलं नाही.

परतताना बसमध्ये ते एवढंच बोलले, "मीच त फुकत होतो वो तुह्या कानात."

विडी त्याच दिवशी सुटली. खाट त्यांनी बाहेर छपरीत नेली. माझे हात वर जाईनात, म्हणून सकाळी वेणी घालायला तेवढे आत येत. तेव्हा ते श्वास रोखून धरत.

"श्वास त घ्या जी, इथंच पडाल!"

"माह्या अंगात अजून धूर आहे. तुले लागन."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना पुन्हा समजावलं. बाहेर येऊन हे म्हणतात, "भला मानूस आहे, म्हनून असा बोलते."

आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटने माझी सूज उतरली; वाकलेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत. गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले, छपरीतच. त्यांची समजूत मला घालता आली नाही.

सई, या आठवड्यातच तपासून घे. काही नसेलही. ओम, सिगारेट सोड. तुझ्यातही तेच रक्त आहे. आणि पुढे कधी काही निघालं, तर एकमेकांपासून लांब बसू नका.

केस मी कापून घेतले. उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ आहेत. पेन धरता येतं.